वाचनालयामागची दोन दारं

तिला गल्लीत सगळे दातवाली म्हणत. कवळ्या बनवण्याच्या प्रयोगशाळेत ती एकवीस वर्षं काम करत होती. दवाखान्यातून लोकांच्या तोंडाचे साचे यायचे. ती त्यात प्लास्टर ओतायची, मेणाची हिरडी घडवायची आणि स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवून एकेक दात मेणात रोवायची. तिच्या हाताची कवळी नवी कोरी वाटत नसे. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडात एकदम सरळ, पांढरीशुभ्र रांग दिसली की ती उसनी वाटते, असं तिचं म्हणणं. म्हणून एखादा पटाशीचा दात ती किंचित कलता ठेवायची. लोक आरशात बघून म्हणायचे, "हे तर माझेच!" प्रयोगशाळेचे मालक कधी कुणाची तोंडावर स्तुती करत नसत, पण अवघड काम आलं की मुकाट्याने तिच्याच टेबलावर आणून ठेवत.

तिचा नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. रस्त्याने चालताना दुकानांच्या पाट्यांतल्या चुका मोठ्याने वाचून दाखवायची त्याला खोड होती. "आमच्याकडे शुद्द तूप मिळेल," तो थांबून वाचायचा, "तूप असेल शुद्ध, पण 'शुद्ध'मधला ध गेला कुठे?" लग्नपत्रिका आली की आधी लाल पेन काढायचा, मग मुहूर्त बघायचा. लेक लहान असताना बापाच्या खिशातले खोडरबर, पेन्सिलींचे तुकडे, टाचण्या पळवून उशीखाली साठवायची, म्हणून तिचं नाव पडलं खारू.

दर शनिवारी संध्याकाळी दोघं खिडकीपाशी बसायची. दारूचे दोन छोटे पेले, एकेकच. त्याहून जास्त कधी नाही. आठवड्याचं बोलणं तेव्हा व्हायचं. कुणाच्या तोंडाचा साचा कसा आला, कुठल्या लेखकाने कुठे घोळ घातला. खारू आत अभ्यास करत असायची आणि मध्येच ओरडायची, "हळू हसा जरा!"

मग तापाचं निमित्त झालं आणि नऊ दिवसांत नवरा गेला.

पुढच्याच शनिवारी तिने दोन पेले काढले. का काढले, ते तिलाही सांगता आलं नसतं. हात सवयीने गेला, एवढंच. समोरची खुर्ची रिकामी होती. तिने आपला पेला संपवला, मग त्याचा उचलला. असं करत करत शनिवारचा शुक्रवार झाला, शुक्रवारचा रोज झाला. दोन वर्षं कुणाला कळलं नाही. कामावर स्पिरिटच्या वासात दुसरा वास झाकला जायचा आणि तिचे हातही थरथरत नसत, निदान दुपारपर्यंत तरी. घरी मात्र खारूला सगळं कळत होतं. ती जेवण झालं की आतल्या खोलीचं दार लावून घ्यायची, आणि हळूहळू ते दार जेवणाआधीच लागायला लागलं.

एका शनिवारी खारू शाळेत कसरतीच्या दांडीवरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. शाळेतून आईला चार फोन आले. आई दुपारी साडेतीन वाजता पलंगावर पडली होती. फोन उशाशी वाजत होता, तो तिला स्वप्नात ऐकू येत होता. शेवटी शाळेने मावशीला फोन केला. मावशी म्हणजे दातवालीची थोरली बहीण. ती धावत गेली, इस्पितळात सह्या तिनेच केल्या, प्लास्टर होईपर्यंत हात धरून बसली. संध्याकाळी मावशीचाच फोन आला.

"आठ दिवस माझ्याकडे राहू दे तिला," मावशी म्हणाली. "तू जरा सावर."

आठ दिवसांचे पाच महिने झाले.

थंडी पडायला लागली तेव्हा दातवालीने खारूचे लोकरीचे कपडे कपाटातून काढले, घड्या घातल्या आणि बहिणीकडे गेली. त्या दिवशी सकाळपासून तिने थेंब घेतला नव्हता. मुद्दामच. जिने चढताना तिने दोनदा केस नीट केले. दार खारूनेच उघडलं. उंची वाढली होती पोरीची, कपाळावर केस नव्या तऱ्हेने कापले होते. खारू आधी किंचित पुढे झुकली, आईच्या तोंडाजवळ, आणि श्वास आत घेतला.

वास घेतला तिने.

मग म्हणाली, "ये ना आत."

दातवाली आत गेली नाही. पिशवी तिच्या हातात देऊन म्हणाली, "मला कामावर जायचंय," आणि जिना उतरली. रस्त्यावर आल्यावर ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. खारूच्या तान्हेपणी तिच्या टाळूचा वास घ्यायला ती कामावरून धावत घरी यायची, ते आठवलं. आज पोरीने वास घेतला होता, आणि तो कशासाठी, हे दोघींना ठाऊक होतं.

प्रयोगशाळेत टेबलावर जुनी वर्तमानपत्रं पसरत, प्लास्टर सांडलं तरी चालावं म्हणून. दुसऱ्या दिवशी साचा उचलताना तिला खाली एक छोटा चौकोन दिसला. "दारूमुळे हैराण आहात? आम्हीही होतो. बोला." खाली फोन नंबर होता, पण शेवटच्या तीन आकड्यांवर प्लास्टरचा घट्ट थेंब वाळला होता. ती किती तरी वेळ त्या थेंबाकडे बघत राहिली. सोडून द्यायला कारण मिळालं, असं क्षणभर वाटलंही. मग तिने बारीक सुरी घेतली आणि दातावरचं जास्तीचं मेण काढावं तसा तो थेंब कडेकडेने खरवडला. कागद फाटू न देता. सात, शून्य आणि एक. एक की सात, ते नीट कळेना.

पहिला फोन एका शिलाईच्या दुकानात लागला. दुसऱ्यांदा शेवटी सात लावल्यावर एका बाईचा जाडसर आवाज आला.

"कुणासाठी विचारताय?"

"एका ओळखीच्या बाईंसाठी," दातवाली म्हणाली.

"बरं. त्या बाईंना सांगा, जुनी जागा सुटली आमची. आता सार्वजनिक वाचनालयाच्या मागच्या बाजूला खोली आहे. दर मंगळवारी साडेसहाला. नावगाव कुणी विचारत नाही. आणि त्या बाईंना सांगा, नुसतं येऊन बसलं तरी चालतं."

मंगळवारी ती सहालाच वाचनालयाशी पोचली. समोरून तीन फेऱ्या मारल्या. कुणी ओळखीचं दिसलं तर पुस्तक बदलायला आले म्हणता यावं, म्हणून घरातून एक जुनं पुस्तकही काखेत आणलं होतं. साडेसहाला ती मागच्या बाजूला गेली. एका दारातून उजेड येत होता, आत दहाबारा माणसं गोल करून बसली होती. तिने मनाशी म्हटलं, हेच. आणि दाराजवळच्या खुर्चीवर टेकली.

चष्म्यातले एक गृहस्थ उभे होते. "आज एक नवीन चेहरा दिसतोय," ते हसून म्हणाले. "भीती वाटते ना? सगळ्यांनाच वाटते. इथे हसणारं कुणी नाही. उठा, दोन वाक्यं बोला. जे मनात असेल ते."

एवढ्या लवकर बोलावं लागेल असं तिला वाटलं नव्हतं. नुसतं बसलं तरी चालतं म्हणाल्या होत्या की फोनवर. पण आता बसून राहिले तर पुन्हा येणार नाही, हेही तिला कळत होतं. ती उठली. नजर फरशीवर.

"मी दारू पिते," ती म्हणाली. "रोज पिते. माझी मुलगी पडली तेव्हा मी पिऊन झोपले होते. ती आता माझा वास घेते. मला ती घरी हवी आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कडकडून.

"वा!" चष्मेवाले म्हणाले. "सुरुवातच अशी की ऐकणाऱ्याने कान टवकारावेत. आवाजही चांगला आहे. फक्त मान वर ठेवा, श्रोत्यांच्या डोळ्यांत बघा. आता पुढचे कोण?"

एक लाजरा तरुण उठला. त्याने घसा साफ केला आणि 'माझा आवडता ऋतू' या विषयावर बोलू लागला.

तिसऱ्या वाक्याला दातवालीच्या ध्यानात आलं. भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं: सभाधीटपणा वर्ग, धडा चौथा. तिच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. पुस्तक उचलून ती तशीच बाहेर पडली. व्हरांड्याच्या टोकाला पोचली असेल नसेल, मागून पावलं वाजली. चष्मेवाले गृहस्थ होते.

"बाई, थांबा," ते धापा टाकत म्हणाले. "ते भाषण नव्हतं, नाही का?"

तिने मान हलवली.

"माफ करा. मी मूर्खासारखा आवाजाचं कौतुक करत बसलो." ते खरोखरच ओशाळले होते. "तुम्हाला हवेत ते लोक कोपऱ्यावरून वळलं की पलीकडच्या खोलीत बसतात. भिंत एकच आहे आमची. त्यांच्या हसण्याचा इतका आवाज येतो की आमच्या वर्गातले लोक वाक्य विसरतात."

"हसण्याचा?" तिने विचारलं.

"हो ना. मी एकदा तक्रारही केली होती."

कोपऱ्यावरून वळल्यावर दुसरं दार होतं. त्यावर हाताने लिहिलेला कागद डकवला होता: 'व्यसनमुक्ति गट. आत या.' शब्दातली ती ऱ्हस्व वेलांटी तिला चटकन दिसली. तो असता तर खिशातून लाल पेन काढलं असतं, दारातच उभा राहून. 'मुक्तीची ती दीर्घ हो,' म्हणाला असता, 'लांबच असते ती.' तिला त्याची इतकी आठवण आली की दाराची कडी धरून उभं राहावं लागलं. तेवढ्यात आत मोठा हशा झाला. तिने दार ढकललं.

सातच माणसं होती. फोनवरचा जाडसर आवाज एका सत्तरीच्या बाईंचा निघाला. त्या निवृत्त परिचारिका, सगळे त्यांना सिस्टर म्हणत. शेजारी पोहायला शिकवणारे एक सर, एक बेकरीवाला, आणि विजेचे मीटर वाचत घरोघर फिरणारा एक उंच माणूस. तोच बोलत होता. "रोज शंभर घरं," तो सांगत होता. "जिन्याखाली, मोरीत, माळ्यावर, कुठेकुठे मीटर असतात. माझं लक्ष आकड्यावर कमी आणि कुठल्या घरात बाटली कुठे दडवलीय त्यावर जास्त. वासाने सांगायचो. एकदा एका काकूंना बोलून बसलो, तुमचे मिस्टर पिठाच्या डब्यामागे ठेवतात. त्या म्हणाल्या, मिस्टर नाही ठेवत, मी ठेवते!"

सगळे पुन्हा हसले. दातवालीही हसली. आपल्या हसण्याचा आवाज तिला परका वाटला, किती तरी दिवसांनी ऐकलेला.

सिस्टरनी तिच्याकडे एकदा बघितलं. "त्या ओळखीच्या बाई आल्या वाटतं," एवढंच म्हणून त्यांनी तिला खुर्ची दिली.

त्यानंतर ती दर मंगळवारी जाऊ लागली. पहिले चार मंगळवार ती अक्षर बोलली नाही. जे बोलायचं ते भलत्या खोलीत बोलून झालं होतं. पण घरी बाटली आणली नाही. दिवसा काही वाटायचं नाही. संध्याकाळ झाली की घरातली प्रत्येक वस्तू तिच्याकडे बघत असल्यासारखी वाटायची. ती भांडी घासायची, घासलेली पुन्हा घासायची. खारूच्या खोलीत जाऊन पलंगावरची चादर बदलायची, जिच्यावर कुणी झोपलेलंच नसायचं. बहिणीला फोन करायची. मावशी सांगायची, खारू अभ्यासाला बसलीय, खारू मैत्रिणीकडे गेलीय, खारू झोपली.

पाचव्या आठवड्यात नवऱ्याचा वाढदिवस आला, तोही शनिवारीच. ती कामावरून निघाली आणि पाय आपोआप दुकानाकडे वळले. त्या संध्याकाळी तिने पुन्हा दोन पेले मांडले.

मंगळवारी जायचं की नाही, यावर ती दिवसभर स्वतःशी भांडली. मेणात रोवलेला सुळा तीनदा उपटून तीनदा बसवला. शेवटी गेली. आणि त्या दिवशी बोलली. खिडकीबद्दल, शनिवारबद्दल, दुसऱ्या पेल्याबद्दल, सगळंच. चष्मेवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे मान मात्र वर ठेवता आली नाही.

कुणी उपदेश केला नाही. बेकरीवाल्याने डोळे पुसले. निघताना सिस्टर तिच्याबरोबर फाटकापर्यंत आल्या.

"खरं सांग," त्या म्हणाल्या. "शनिवारी तुला दारू हवी होती, की तो?"

"तो," ती म्हणाली. "तोच हवा असतो हो मला. दोन घोट घेतले की वाटतं, आता बोलेल काहीतरी."

"बोलला?"

"नाही."

"माझा भाऊ गेला, तोही नाही बोलला," सिस्टर म्हणाल्या. "बुडापर्यंत बघितलं मी बाटलीच्या, अकरा वर्षं." मग तिच्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, "आजपासून दिवस पुन्हा एकपासून मोज. आणि शनिवारी सहाला मला फोन कर. मला टीव्ही बघायचा कंटाळा येतो."

शनिवारी ती फोन करायची. सिस्टर फार काही बोलत नसत. गुडघे, भाजीवाला, शेजाऱ्यांचं कुत्रं. तासभर जायचा. कधी बोलता बोलता दातवाली गप्प व्हायची, तेव्हा सिस्टरही गप्प राहायच्या, फोन न ठेवता.

तीन महिने झाले. गटाची वर्षातून एक बैठक घरच्यांसाठी खुली असे. दातवालीने बहिणीला फोन करून वार, वेळ, पत्ता सगळं सांगितलं. "खारूला म्हणावं, नुसतं येऊन बसलं तरी चालतं," ती म्हणाली. त्या मंगळवारी शेजारची खुर्ची तिने पिशवी ठेवून अडवून धरली. दार वाजलं की मान वळायची. मीटरवाल्याची बायको आली, सरांचे दोन मुलगे आले. त्या खुर्चीवर शेवटपर्यंत पिशवीच राहिली. घरी चालत जाताना तिने दुकानाची गल्ली टाळली आणि दीड मैलाचा वळसा घेतला.

तरी खारू आली. महिन्याभराने, रविवारी दुपारी, न सांगता. दारात उभी राहिली, आणि या वेळी वास घेतला नाही. किंवा घेतला असेल, दातवालीने मुद्दाम तिकडे बघितलं नाही. दोन तास बसली. मनगट नीट जुळलंय म्हणाली. आईने तिला प्रयोगशाळेतला किस्सा सांगितला: एका आजोबांनी कवळी परत पाठवली होती, कारण म्हणे तिने जेवता येतं पण शिट्टी वाजत नाही.

"मग?"

"मग काय, पुढच्या दोन दातांत फट ठेवली बारीकशी. आता जिन्यात शिट्टी वाजवतात. सून वैतागलीय."

खारू हसली, अगदी बापासारखी, आधी खांदे आणि मग आवाज. जाताना तिने आपल्या खोलीत डोकावून बघितलं. नवी चादर बघितली. राहिली मात्र नाही. मग दर रविवारी येऊ लागली, दोन तास, कधी अडीच. दातवाली आठवडाभर त्या दोन तासांकडे डोळे लावून बसायची, आणि ते संपले की घर आधीपेक्षा मोठं वाटायचं.

उन्हाळ्याच्या शेवटी खारूला दुसऱ्या शहरात शिकायला प्रवेश मिळाला. वसतिगृह मिळालं. म्हणजे आता ती आईकडेही नाही आणि मावशीकडेही नाही. बातमी ऐकून दातवालीने "किती छान!" म्हटलं आणि पुढच्या मंगळवारी गटात ढसाढसा रडली. ती घरी येईल म्हणून सगळं केलं, म्हणाली, आणि आता ती घरी येण्याच्या वयाचीच राहिली नाही.

"मग सोडणार का यायचं?" पोहण्याच्या सरांनी विचारलं.

"नाही," ती नाक पुसत म्हणाली. "तुमचं तोंड बघायची सवय झालीय."

बसस्थानकावर दोघी बहिणी सोडायला गेल्या. सामान वर चढवून झालं. खारूने आधी मावशीला मिठी मारली, बराच वेळ. मग आईसमोर उभी राहिली.

"सुट्टीत चार दिवस मावशीकडे राहीन, चार दिवस तुझ्याकडे," ती म्हणाली. "चालेल?"

"चालेल," दातवाली म्हणाली. "न चालायला काय झालं."

मिठी लहान होती, पण खारूने हनुवटी तिच्या खांद्यावर टेकवली होती. बस निघाली. खिडकीतून हात दिसला, मग वळण आलं.

दोघी बाकावर बसल्या. मावशी रुमालाची घडी घालत, मोडत होती.

"तुला एक सांगायचंय," मावशी म्हणाली. "तुझ्या त्या खुल्या बैठकीला ती यायला निघाली होती. कपडे घालून तयार होती. मीच तिला म्हटलं, इतक्यात नको, पुन्हा मन मोडेल तुझं." ती थांबली. "आणि फोन. तू करायचीस तेव्हा ती झोपलेली नसायची दर वेळी."

दातवालीला आठवली अडवून धरलेली ती खुर्ची, दीड मैलाचा तो वळसा.

"का गं?" तिने विचारलं.

"सकाळी उठून 'मावशी, माझा मोजा कुठाय' असं कुणी ओरडलं नव्हतं माझ्या घरात कधी," मावशी म्हणाली. "सोळा वर्षं डॉक्टर केले आम्ही, तुला माहितीये. मग ती आली. मला वाटलं, तू बरी झालीस की जाईल." तिने रुमाल डोळ्यांना लावला. "तू बरी व्हावीस असंही वाटायचं गं. देवाशपथ वाटायचं. पण थोडी उशिरा."

दातवाली उठली. फलाटाच्या टोकापर्यंत गेली. तिथे चहाची टपरी होती. ओरडावं, बहिणीला तिथेच सोडून निघून जावं, असं तिच्या मनात आलं, आणि त्यापाठोपाठ दुसरंही आलं, ओळखीचं, दुकानाच्या गल्लीकडे ओढणारं. ती तशीच उभी राहिली. टपरीवाल्याने दोनदा विचारलं, "किती?"

"दोन," ती शेवटी म्हणाली.

ती परत आली आणि एक कप बहिणीच्या हातात दिला. मावशीने मान खाली घालून घोट घेतला.

"मला राग आलाय," दातवाली म्हणाली. "बरेच दिवस राहील."

"राहू दे," मावशी म्हणाली.

"तिची खोली लावायला ये कधीतरी. मला एकटीला कपाट हलत नाही."

"कोणती खोली? तुझ्याकडची की माझ्याकडची?"

दातवालीने यावर विचार केला. समोर दुसरी बस लागत होती, तिच्यातून माणसं उतरत होती, कुणी कुणाला शोधत होतं, कुणी हात हलवत होतं.

"दोन्ही," ती म्हणाली.